मामींच्या नावाची पाटी

जगातली कुठलीही गोष्ट कायमची चिकटवू नये, अशा ठाम मताचा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. साताऱ्याच्या एका फाउंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंड ओतण्यासाठी वाळूत जो साचा करतात, त्याचा लाकडी नमुना घडवायचं काम. निवृत्त झाल्यावर इतर माणसं देवळाच्या पारावर जाऊन बसतात किंवा सुनेच्या स्वयंपाकात खोट काढतात. मामांना सून नव्हती, मूलबाळच नव्हतं, आणि देवाशी त्यांचं फारसं पटत नव्हतं. त्यांनी स्क्रोल सॉ घेतला. शिलाई मशीनच्या सुईसारखं बारीक पातं वरखाली नाचवणारी ही करवत. तिच्यावर ते सागवानाच्या फळीतून अक्षरं, मोर, वेली, उगवते सूर्य कापून काढत, मागून प्लायवूड बसवत आणि त्या पोकळ्यांत रंगीत वाळू भरत. काम इतकं देखणं, की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे जाई. आणि तिथंच घात होई, कारण वाळू नुसती भरलेली असे. गोंद लावलेला नसे.

"गोंद शेवटाला," मामा म्हणत. "रंग एकदा मनाजोगा बसला की." तो रंग कधीच मनाजोगा बसला नाही. वाळू कृष्णेकाठची. ती मामींच्या चहाच्या गाळणीतून चाळायची, मामींच्या दुधाच्या पातेल्यात रंगवायची आणि मामींच्या धुतलेल्या चादरीवर वाळत घालायची. "आवं, त्या गाळणीनं मला च्या गाळायचा असतोय," असं मामी रोज म्हणत आणि रोज त्याच गाळणीनं चहा गाळत. एकदा त्यांच्याकडे चहा पिताना माझ्या दाताखाली काहीतरी कचकन आलं. मामांनी माझा कप हातातून घेतला, उजेडाला धरून तळ पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "घावला! मोरपंखी हाय ह्यो. सकाळधरनं हुडकतोय मी!" माझ्या दातांची चौकशी मामींनी केली.

आमच्या सांगलीच्या घराच्या वास्तुशांतीला ते सूर्योदयाची पाटी घेऊन आले, तेव्हा साताऱ्यापासून एसटीत ती आडवी मांडीवर धरून बसले होते. खिडक्या बंद करायला लावल्या म्हणून अख्खी गाडी त्यांच्यावर चिडलेली. कंडक्टर म्हणाला, "काका, जेवणाचं ताट हाय का काय? झाका की वरनं कायतरी." पुढं तीन वर्षं तो सूर्योदय आमच्या टीपॉयवर उताणा पडून होता. पंखा लावायचा तर आधी त्याच्यावर परात झाकायची. शेवटी माझ्या एका सहकाऱ्यानं कौतुकानं पाटी उचलून उभी धरली आणि सगळा सूर्य त्याच्या पोह्यांत मावळला. घाबरतच मी मामांना फोन केला. पलीकडून सुटकेचा नि:श्वास ऐकू आला. "बरं झालं जावईबापू. त्यो केशरी माझ्या डोक्यातनं जात नव्हता."

या सगळ्याला हसण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामागचं कारण मला मामींनी सांगितलं. ऐन उमेदीत मामांच्या हातून एका नमुन्यात दोन सुतांचा, जेमतेम पाव इंचाचा, फरक पडला होता. कुणाच्या लक्षात येण्याआधी त्यावरून सगळी खेप ओतून झाली आणि भंगारात गेली. साहेबांनी त्यातला एक वाकडा तुकडा मामांच्या कामाच्या टेबलावर कायमचा ठेवून दिला. मामा निवृत्त होईपर्यंत तो तिथंच होता. "वाळू हाय तवर चूक सुधरता येती, जावईबापू," ते मला म्हणाले होते. "एकदा ओतलं की संपलं." हे ते स्क्रोल सॉचं पातं बदलता बदलता सहज म्हणाले. मी तेव्हाही हसलोच होतो.

मामींचं मागणं साधं होतं. तीस वर्षं दुसऱ्याच्या खोल्यांत काढल्यावर साताऱ्याच्या कडेला त्यांचं स्वतःचं घर झालं. एका ओळीत सारखी दहा घरं, सारखे दरवाजे. कुरिअरवाला हमखास शेजारी जायचा. आपल्या दारावर आपल्या नावाची पाटी असावी आणि तीही नवऱ्याच्या हातची, एवढीच मामींची हौस. मामांनी पाटी केली. वर मामींचं नाव, 'शालन', खाली त्यांचं स्वतःचं. असा मान बायकोला देणारा माणूस आमच्या नात्यात दुसरा नव्हता. पण ती पाटीही त्यांच्या टीपॉयवर आडवी. कधी अक्षरं निळी, कधी शेंदरी, मग हळदी. रोज सकाळी केर काढून झाला की मामी वाळूत बोट दाबून विचारत, "वाळलं का वो?" गोंदच नाही तर वाळणार काय! मामा करवादत आणि दाढीच्या जुन्या ब्रशानं तो खळगा सारखा करत. हा खेळ सात वर्षं चालला.

मग मामी आजारी पडल्या. मिरजेला उपचार होते, म्हणून दोघं आमच्याकडे येऊन राहिले. येताना मामींनी दोन साड्या आणल्या आणि मामांनी वाळूच्या बाटल्या. त्या वेळी त्यांनी अक्षरं डाळिंबी करायला घेतली होती. पाटी अर्ध्यावर टाकूनच घाईघाईनं निघाले होते. दवाखान्यात मामींच्या उशाशी बसून ते डाळिंबीच्या चार छटा खिडकीला धरून बघत. एका दुपारी मामींनी मला जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता. "जावईबापू, त्यास्नी सांगा. कंचा बी रंग चालंल मला. पन आता चिकटवा." मी मामांना व्हरांड्यात गाठून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "घरी गेलो की पैलं काम त्येच. फकस्त ह्यो डाळिंबी जरा काळपट झालाय, त्येवढा बगतो." मला त्यांचा इतका राग आला, की मी पाठ फिरवून आत निघून गेलो. चौथ्या दिवशी मामी गेल्या. पाटी साताऱ्यात बंद घरात आडवीच होती.

सगळं सांगलीतच उरकलं. तेराव्यानंतर मी मामांना पोचवायला गेलो. त्यांनी कुलूप काढलं, चपला काढल्या आणि थेट टीपॉयपाशी गेले. पाटीवर धूळ होती. सवयीनं त्यांनी दाढीचा ब्रश उचलला आणि हात तसाच थांबला. 'शालन'मधल्या 'ल'च्या पोटात एक खळगा होता. मिरजेला निघायच्या सकाळी मामींनी दाबलेलं बोट. गडबडीत तो सारखा करायचा राहून गेला होता. मामांनी ब्रश बाजूला ठेवला. म्हणाले, "पंखा लावू नगा."

त्यांनी गोंद पाण्यात पातळ केला. ड्रॉपरनं एकेक थेंब अक्षराच्या कडेनं सोडायला लागले, खळग्यात ओघळ जाणार नाही अशा बेतानं. 'शा' तेवढा डाळिंबी झाला होता. 'ल' आणि 'न' अजून हळदीच होते, आणि तो हळदी मामांना मुळीच पसंत नव्हता. मी बोलून गेलो, "मामा, 'न' तरी बदलून घ्या की." त्यांनी वर न बघता मान हलवली. "जरा धक्का लागला तर त्यो खळगा बुजंल." दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ते ओणवे होते. मी शेजारी बसून राहिलो. मिरजेच्या व्हरांड्यात धरलेला माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. पुरतं वाळल्यावर तिसऱ्या दिवशी दारावर पाटी मीच स्क्रूनं बसवली.

आता कुरिअर बरोबर येतं. शेजारचे सुतार परवा पाटी निरखून म्हणाले, "हितं वाळू कमी पडलीया मामा, आन् रंग बी येगळाच झालाय." मामा म्हणाले, "व्हय. ऱ्हाऊ द्या." स्क्रोल सॉवर चादर घातलेली आहे. गेल्या महिन्यात मी सकाळच्या गाडीनं गेलो, तर मामा केरसुणी भिंतीला टेकवून दारात उभे होते. त्यांचं जाड बोट त्या खळग्यात मावत नव्हतं, तरी ते टेकवून होते. "वाळलं गं," असं काहीतरी म्हणाले. मग मला पाहिलं आणि घाईघाईनं धोतराच्या सोग्यानं दार पुसायला लागले.