हिट की एरर

देश सोडून क्लेटनला आलो तेव्हा नवऱ्याला युनिव्हर्सिटीत नोकरी होती. माझ्याकडे गणितातली एम.एस्सी. होती आणि पुण्यात सात वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवल्याचा अनुभव. इथल्या शाळांनी तो अनुभव धरला नाही. आधी इथला कोर्स करा, मग बघू, असं कळवलं. कोर्सला अजून बराच अवकाश होता. मी आमच्या युनिटच्या, म्हणजे भाड्याच्या छोट्या घराच्या, खिडकीत बसून समोरच्यांचं कुत्रं किती वेळा भुंकतं ते मोजायला लागले होते.

नवऱ्याच्या लॅबमध्ये एक टेक्निशियन होता. चाळिशीला टेकलेला, डावखुरा, कमी बोलणारा. हिवाळ्यात दर रविवारी तो बेसबॉल खेळायचा. एकदा नवऱ्याला म्हणाला, "तुम्ही क्रिकेटवाले, तुमचे हात चांगले असतात. ये की रविवारी."

नवरा गेला, मीही गेले. कॅच त्याने झकास घेतले. पण बॅटिंगला उभा राहिला आणि दुसराच बॉल कोपरावर बसला. घरी आल्यावर बर्फ लावता लावता म्हणाला, "टप्पाच पडत नाही गं त्याचा. सरळ अंगावर येतो. मला नाही जमायचं." पुढच्या रविवारी तो गाडी धुवत बसला. मी मात्र परत गेले, कारण बाकावर बसून एक बाई वहीत काहीतरी लिहीत होती, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

ती क्लबची स्कोअरर होती, आठव्या महिन्यात होती आणि आपल्या जागी कोणीतरी शोधत होती. तिने मला वही दाखवली. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा. पिचर म्हणजे बॉल टाकणारा, तो एक. थर्ड बेसवाला, म्हणजे पळणाऱ्याने गाठायच्या तिसऱ्या ठिकाणावरचा, तो पाच. पाचने बॉल अडवून पहिल्या बेसवरच्या तीनकडे फेकला आणि बॅटर बाद झाला, की लिहायचं पाच-तीन. बास. माझ्या इंग्रजी उच्चारांवर समोरचा "सॉरी?" म्हणायचा त्या दिवसांत ही भाषा मला एका दुपारीत आली. तीन आठवड्यांनी वही माझ्याकडे होती.

क्लबचं कँटीन टेक्निशियनची बायको सांभाळायची. मी सॉसेज खात नाही हे कळल्यावर तिने तव्याचा एक कोपरा माझ्या कांद्यासाठी राखून ठेवला. ब्रेडमध्ये भाजलेला कांदा, वर सॉस. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा; त्या वाऱ्यात, स्वेटरवर शाल आणि शालीवर जॅकेट घालून बसले असताना तो ब्रेड खावा. पेन्सिल धरायला बोटं जरा सैल व्हायची.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी टेक्निशियन पिचिंग करत होता आणि समोरच्यांना त्याचा बॉल दिसतच नव्हता. पाच इनिंग्ज झाल्या, सहा झाल्या, त्यांच्या रकान्यात एकही हिट नाही, म्हणजे बॉल मारून कोणी बेस गाठलाच नव्हता. नऊ इनिंग्जची अख्खी मॅच अशी गेली तर त्याला नो-हिटर म्हणतात. चांगल्या चांगल्या पिचरच्या नशिबात आयुष्यभर तो येत नाही. हा बावीस वर्षं खेळत होता, त्याच्याही आला नव्हता. मी त्याच्या बायकोला काही बोलणार, एवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं. त्याबद्दल बोलायचं नसतं. बाकावर त्याच्या शेजारी कोणी बसत नव्हतं, पाणीसुद्धा दुरून हात लांब करून देत होते.

आठव्या इनिंगमध्ये तिघांपैकी दोघे बाद झाले होते. त्यांचा एक सडपातळ, पळायला तेज खेळाडू बॅटिंगला आला. बॅटला बॉल नीट लागलाच नाही. घरंगळत, थर्ड बेसच्या रेषेलगत हळूहळू निघाला. आमचा थर्ड बेसवाला, विशीतला प्लंबर, धावत पुढे आला, ग्लोव्हमध्ये घ्यायला वेळ नाही म्हणून उघड्या हाताने उचलायला गेला आणि बॉल बोटांतून निसटला. तोवर पळणारा पहिल्या बेसवर पोचला होता.

आता इथे अंपायरचा काही संबंध नसतो. ही बॅटरची हिट, की फील्डरची चूक म्हणजे एरर, हे स्कोअररने ठरवायचं. एरर लिहिली तर नो-हिटर शाबूत. हिट लिहिली तर संपला.

शेजारी समोरच्या टीमचे स्कोअरर होते, सत्तरीचे गृहस्थ. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मैदान तुमचं, निर्णय तुमचा. तुम्ही लिहाल तेच मी लिहीन."

नियम मला पाठ होता. साधारण प्रयत्नात बाद व्हायला हवा होता का? मी मनात तो बॉल पुन्हा घरंगळत नेला. त्या मुलाने तो स्वच्छ उचलला असता तरी पळणारा पोचलाच असता. बाकावरून सगळे माझ्याकडे बघत होते. मी हिट लिहिली.

पुढचा बॅटर लगेच बाद झाला, नवव्या इनिंगमध्येही काही झालं नाही, आम्ही चार-शून्य जिंकलो. पण जल्लोष कोणी केला नाही. प्लंबर माझ्या खुर्चीजवळ येऊन गवतावर बसला. "माझी चूक होती," तो म्हणाला. "माझ्या नावावर एरर लिहा. प्लीज."

"तुझी चूक झालीच नाही, तर लिहू कशी?"

"पण मला चालेल."

"मला नाही ना चालत."

तो बराच वेळ तिथेच गवत उपटत बसला. कँटीनमध्ये टेक्निशियनच्या बायकोने मला ब्रेड दिला, पण तोंड फिरवून.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एक रेघ इकडची तिकडे केली असतीस तर कोणाचं काय गेलं असतं? मला उद्या त्याच्याच शेजारी काम करायचंय." खरं सांगायचं तर मलाही रडू येत होतं. त्या माणसाने आम्हाला आल्या आल्या आपलं म्हटलं होतं, आणि मी त्याच्या तोंडचा घास काढला होता.

सोमवारी आणि मंगळवारी तो लॅबमध्ये कामापुरतंच बोलला. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याला म्हणाला, "तुझ्या बायकोला सांग, मीही हिटच लिहिली असती. फक्त ते मान्य करायला मला बुधवार उजाडला."

रविवारी तो मॅचच्या आधी माझ्याजवळ आला आणि ते पान दाखव म्हणाला. बावीस वर्षांत त्याने स्कोअरची वही कधी उघडली नव्हती. "हे टिंब कसलं?" मी सांगितलं. मग पुढचं विचारलं, मग त्याच्या पुढचं. अर्ध्या तासात आम्ही अख्खी मॅच पहिल्या बॉलपासून वाचली. "हा तिसऱ्या इनिंगमधला," तो एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, "याला मी तीन बॉल खाली टाकले होते, आठवतं?" वॉर्मअपसाठी हाका मारल्या तेव्हा तो नाइलाजाने उठला. त्याच्या बायकोला वळायला आणखी दोन रविवार लागले. माझ्याशी ती बोलली ती थेट माझ्या शालीबद्दल, कुठून आणलीस म्हणून.

नो-हिटर त्याला पुढेही मिळाला नाही. दोन वर्षांनी खांदा गेला. डॉक्टरांनी पिचिंग बंद म्हणून सांगितलं, तेव्हा तो काही रविवार मैदानावर आलाच नाही. त्याच सुमाराला माझा कोर्स सुरू झाला होता, शनिवार-रविवार असाइनमेंट्समध्ये जायचे. मी वही घेऊन त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, "मला आता जमत नाही. तू घे." त्याने आधी नाही म्हटलं, मग पेन्सिल कुठली वापरतेस ते विचारलं.

त्याचं अक्षर वाईट होतं. इतकं दाबून लिहायचा की एका मॅचची रेघ पुढच्या पानावर उमटायची. पण निकाल देताना तो माझ्यापेक्षा कडक निघाला. आपल्याच पोरांना एरर देताना त्याचा हात थांबायचा नाही. कोणी वाद घालायला आलं की तो वही मांडीवर उघडी ठेवून शेजारची खुर्ची पुढे ओढायचा आणि म्हणायचा, "बस. पहिल्या बॉलपासून बघू."