मामांची लेन्स आणि रानपिंगळा

माझ्या मामेसासऱ्यांची लेन्स मी पहिल्यांदा उचलली ती कॅमेऱ्याला धरून, आणि तिथेच माझं जावईपण संपलं. तोवर ‘जवाईबापू, बसा’, ‘जवाईबापू, घ्या’ असं चाललं होतं.

“खाली ठेव बे!” मामा ओरडले. “एवढ्या नळीचं वजन कोन झेलन? कॅमेऱ्याची मान मोडन ना! लेकराले उचलते तसा खालून हात घाल.”

मामा सोनाळ्याचे, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. एरवी दारच्या मांजरालाही अहो-जाहो करतील असे. पण ती हातभर लांब लेन्स पिशवीतून निघाली, की समोरचा माणूस ‘बे’ होई. जुनी लेन्स, आपोआप काही करणार नाही. चित्र लख्ख करायला नळीवरचं कडं हातानं फिरवायचं. तिला टेकायला त्यांनी जुन्या पँटच्या पायात हरभरे भरून उशी शिवली होती. मामी म्हणत, “डब्यात हरभरा नाही अन् लेन्सले गादी!”

चित्र लख्ख दिसलं तरी मामा तिथे थांबत नसत. “थोडं पुढं जा, मंग माघारी ये. पुढं गेल्याबिगर कुठं थांबाचं ते समजत नाही.” मी पुढे जाई आणि तिथेच राही. माझ्या फोटोंत पाखरामागची काटकी फार सुंदर आली आहे.

त्यांना एकच फोटो हवा होता. रानपिंगळ्याचा. दिवसाउजेडी बसणारं हे घुबड सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना अनेकदा दिसलं, पण फोटो दरवेळी पुसट. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशननंतर महिनाभर धूळ वर्ज्य, आणि तोवर सागाला पालवी फुटून पाखरू दडणार. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मामा मला म्हणाले, “डोया तुहा, हात माहा. चाल.”

बायकोही आली. बांधावर उशी, उशीवर लेन्स, कॅमेऱ्याला माझा डोळा, कड्यावर मामांची बोटं. ते हळूहळू फिरवत होते. लख्ख झालं की मी ‘थांबा’ म्हणायचं. धुक्यातून यावा तसा पिंगळा आला. पिवळे डोळे, कपाळाला आठी. मी बघतच राहिलो.

“बोल ना बे! गेलो ना मी पुढं!”

“मागे या, मामा… आणखी… थांबा!”

मी बटण दाबलं. पिंगळा उडाला.

“झाला का?” मामांचा आवाज बारीक झाला होता. भर उन्हात मला कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही दिसेना, तरी मी म्हणालो, “एकदम झकास!”

“जवाई गोड बोलते. पोरी, तू पाह्य.”

बायकोनं डोक्यावरून ओढणी घेऊन पडद्यावर सावली केली, फोटो मोठा केला. मग मामांकडे पाहिलं.

“एक डोळा लख्ख आहे, मामा. दुसरा जरा पुसट.”

मामा मांडीवर थाप मारून हसले. “मंग खरा हाय! दोन्ही म्हनली असती तं म्या मानलंच नसतं.” घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला एका डोळ्याची गोष्ट सांगत होते.

आमच्या घरी परतताना मी बायकोला म्हणालो, “दुसरा डोळा माझ्यामुळेच हुकला असणार.”

“काही हुकलं नाही,” ती म्हणाली. “दोन्ही लख्ख आहेत. ऑपरेशनची पट्टी सुटली की बघतील स्वतःच.”