चोवीसशे रुपयांचा इसार

भाऊबीजेनंतरचा सोमवार, सकाळी साडेनऊ. रक्कम दोन हजार चारशे रुपये. देणाऱ्या, पुण्याहून सहल घेऊन आलेल्या कॉलेजच्या मॅडम. घेणारी, आमच्या शेजारची ऊसतोडीला जाणारी बाई. हजर होते तिचा नवरा, सासू-सासरे, तीन रात्री त्यांच्या घरी राहिलेल्या दोन विद्यार्थिनी आणि साक्षीदार म्हणून मी. एवढं नेमकं लिहायचं कारण असं, की त्या दिवशी दुपारपर्यंत गावात हीच रक्कम पाच हजार झाली होती, मग पंचवीस हजार, आणि देणारा कोण होता याबद्दल तर कुणाचंच कुणाशी जुळत नव्हतं.

मी तेव्हा गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. पाटोद्याला शीतकरण केंद्रावर दूध जायचं. त्या वर्षी गोकुळाष्टमीनंतर पाऊस पडला नाही. तीनशे दहा लिटरचं संकलन दिवाळीत पंच्याण्णव लिटरवर आलं होतं. काम कमी म्हणून माझ्याकडे वेळ होता, आणि संस्थेकडे फोन होता, म्हणून कॉलेजनं सहलीची व्यवस्था माझ्यावर टाकली. बारा विद्यार्थी, सहा घरं, त्यातलं एक माझं, प्रत्येक घरी दोघं. लोक गाव सोडून का जातात, कसे जातात, हे व्याख्यानातून न शिकता घरात राहून शिकायचं, असा त्यांचा अभ्यास होता. तीन रात्री आमच्याकडे. सोमवारी रात्री निघून त्यांची बस पुढे कर्नाटकाच्या सीमेवर जाणार होती. तिथे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडच्या कारखान्यांवर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, असतात. आमच्या भागातले लोक सहा महिने त्या कोप्यांत राहतात. मुलं त्यांच्यात दोन दिवस काढणार होती.

माणशी रात्रीला चारशे रुपये ठरले होते. म्हणजे घरटी चोवीसशे. सहापैकी पाच घरांना संध्याकाळी द्यायचे होते. शेजारच्या बाईचा ट्रक त्याच दिवशी तीनला निघणार होता, म्हणून तिला आधी दिले.

कॉलेजची पद्धत चोख होती. मला ती आवडली. पावतीवर तिकीट, तिकिटावर सही, खाली साक्षीदाराची सही, वर एक फोटो. बाईनं चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात सही केली. पोरी घरातून निघाल्या म्हणून सासूनं त्यांची ओटी भरली. सासऱ्यानं नारळ फोडला, सगळ्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मग चहा झाला. समोरच्या गल्लीत टँकरसाठी हंड्यांची रांग लागली होती. पंधरा-वीस बाया-माणसं तिथून अंगणात बघत उभी होती.

आमच्याकडे ऊसतोडीची उचल अशीच दिली जाते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम त्या जोडीला हंगामाआधी पैसे देतो, ती उचल. अंगणात बसून नोटा मोजतात, सही किंवा अंगठा घेतात, एक साक्षीदार बसवतात, नारळ फोडतात, चहा पितात. मग ती जोडी त्या मुकादमाची झाली. मोठी रक्कम लगेच नसली तर आधी थोडी देऊन जोडी बांधून ठेवतात. त्याला इसार म्हणतात.

या जोडीनं पोळ्याला आपल्या मुकादमाकडून साठ हजार घेतले होते. तीस हजार थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला गेले, बाकीचे म्हाताऱ्यांच्या ज्वारीला आणि घरावरच्या पत्र्यांना. त्यातला एक रुपया शिल्लक नव्हता. हे मला माहीत होतं, कारण पत्रे आणायला मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. मुकादमाचा कारखाना सीमेच्या अलीकडे. त्या दुष्काळात पलीकडच्या कारखान्यांचे मुकादमही आमच्या गावांतून जास्तीचा दर सांगत फिरत होते. दोन वर्षांपूर्वी चकलांब्याकडच्या एका जोडीनं दोघांकडून उचल घेतली होती, आणि त्यात याच मुकादमाचे पैसे बुडाले होते. एकदा दोन उचलींचं नाव लागलं की त्या जोडीला कुणी उभं करत नाही.

अडीच वाजता बाईचा सासरा संस्थेत आला. उन्हातून पळत आल्यानं त्याला बोलता येईना.

"नाना, सामान खाली टाकलं."

"कुणाचं?"

"आमचं. मुकादमानं. चला लवकर."

शाळेच्या पटांगणात ट्रक उभा होता. चौदा जोड्यांची भांडी, ताडपत्र्या, ज्वारीची पोती, कोंबड्या वर चढल्या होत्या. एका घराचं सामान मात्र खाली धुळीत पडलं होतं. त्याच्याजवळ बाई उभी होती. तिचा नवरा मुकादमाच्या जीपमध्ये मागच्या बाकावर दोन माणसांच्या मधे बसला होता. त्याला कुणी मारलं नव्हतं. त्याचा एक हात मात्र शेजारच्यानं मनगटाशी धरून ठेवला होता.

"साठ हजार आन," मुकादम बाईला म्हणत होता, "आन नवरा घेऊन जा. मी काय मागतोय? माझंच मागतोय."

"पैसे कुठून आनू? तुमाला ठाव हाय कुठं गेले."

"सकाळी घेतले त्यातून आन."

"ते पोरींच्या खान्याचे हायेत."

"चहाच्या कपात इसार बुडवून पिता व्हय बे तुमी?" हे त्यानं जीपकडे तोंड करून विचारलं. नवरा खाली मान घालून बसला होता.

मी पुढे होऊन सांगितलं, की मी तिथे हजर होतो, रक्कम चोवीसशे होती, कॉलेजनं मुलींच्या मुक्कामाचे दिले. हिशोब सरळ होता. जोडीला साठ हजार देतात, चोवीसशेला कोण कोयता नेईल?

"शेक्रेटरी," मुकादम म्हणाला, "तुमी दुधाचं माप बघा. चोवीसशे म्हनजे इसारच. उचल फुडं गेल्यावर. सही घेतली, तिकीट लावलं, नारळ फोडला. साक्षीला तुमी. आन वर मलाच सांगता?"

मी दिलेल्या आकड्यानंच त्याची खात्री पटली होती.

एवढ्यात मॅडम आल्या. त्या घाबरल्या नव्हत्या, उलट चांगल्याच चिडल्या होत्या. माणसाला जीपमध्ये डांबता येत नाही, पोलिसांना बोलावते, असं त्या म्हणाल्या. मग समजूत घालावी म्हणून त्यांनी मुकादमाला सहलीबद्दल सांगितलं. उद्या आम्ही सीमेपलीकडच्या कारखान्यावर जाणार आहोत, या ताईंनी तिकडच्या कोप्यांची खूप माहिती दिली, तिकडे आमची ओळखही आहे.

ट्रकवरची माणसं खाली वाकून बघायला लागली.

"ऐकलं का?" मुकादम लोकांकडे वळून म्हणाला. "पलीकडचा कारखाना. ह्यांच्याच तोंडून."

त्यानं ड्रायव्हरला जीप सुरू करायला सांगितलं. बाई चार पावलं चालत गेली आणि जीपचं मागचं दार उघडून आत चढायला लागली.

"तू कुठं?"

"कोयता जोडीनं आसतो ना? मग जोडीनं न्या. ह्यांना कोंडायचं तर मलाबी कोंडा. भाकरी कोन थापनार ह्यांच्या?"

दोघं-तिघं हसले. मुकादमाला मात्र हसू आलं नाही. त्यानं तिला खाली उतर म्हटलं, ती उतरेना. विद्यार्थिनींपैकी एक पुढे झाली तसं बाईनंच तिला हातानं मागे सारलं. "तू नगं बोलू, बाई. तू बोललीस की वाढतंय."

मी मुकादमाला बाजूला घेतलं. तुला काय हवं, असं विचारलं. तो म्हणाला, त्या पैशाचं तोंड बघू द्या. बाईनं ते चोवीसशे सगळ्यांसमोर मॅडमला परत द्यावेत. इसार परत केला की सौदा मोडला, मग तो तिला ट्रकमध्ये घेईल. मला हे ठीक वाटलं. मॅडमनी ते मागाहून माझ्यामार्फत पुन्हा पोचवले असते. मी बाईला तसं सांगितलं.

"न्हाई," ती जीपमधूनच म्हणाली. "मी रांधून घातलं. म्हातारीनं हातरुण दिलं. परत कावून देऊ? परत दिले तर इसार व्हता आसं मीच कबूल केलं ना नाना?"

हे खरं होतं. पैसे परत केले असते तर आज ट्रक मिळाला असता आणि डाग मात्र कायम राहिला असता. पुढच्या पोळ्याला तिच्या दारात कुणी बसलं नसतं. आणि मुलीची नर्सिंगची फी अजून दोन वर्षं भरायची होती.

साडेतीन वाजून गेले. ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला. वर बसलेल्या चौदा जोड्या उन्हानं कावल्या होत्या. त्यांच्यातूनच "घ्या न्हाईतर सोडा, आमाला कशाला तळता" असे आवाज यायला लागले. मी मॅडमना विचारलं, बाकीच्या पाच घरांचे पैसे कुठे आहेत. बॅगेत आहेत, संध्याकाळी देणार, असं त्या म्हणाल्या.

"आत्ता द्या," मी म्हणालो. "इथेच. तीच पावती, तेच तिकीट, तशीच सही. पहिले मिस्तरींना."

मिस्तरी म्हणजे स्टँडजवळ पंक्चर आणि मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान असलेले गृहस्थ. त्यांच्याकडे दोन मुलं राहिली होती. ते ट्रकची हवा तपासायला आले होते आणि मागच्या चाकाशी बसून सगळं ऐकत होते. मी हाक मारल्यावर हात पुसत आले. मॅडमनी पावती ट्रकच्या फाळक्यावर ठेवली, नोटा मोजल्या. मिस्तरींनी तिकिटावर उर्दूत सही केली, नोटा वर धरून मुकादमाला दाखवल्या.

"बघा मुकादम. मला बी तेवढाच इसार आला. आता मला बी ऊस तोडायला जावं लागल. पान्ह्यानं तोडू का?"

वरच्या जोड्या हसायला लागल्या.

"आन घरचीला इचारा आधी," ट्रकवरून एक बाई ओरडली. "जोडी लागती मिस्तरी."

"तिला इचारलं तर ती मलाच तोडल."

त्यांच्यामागून मी घेतले. मग तिथेच जमलेल्या बाकीच्या तीन घरांनी. शेवटच्या सहीला मुकादम पावती बघायला जवळ आला, वाकून तिकीट बघितलं, कागदाच्या डोक्यावरचं कॉलेजचं नाव बोट फिरवत वाचलं. जीपमधल्या माणसाकडे त्यानं नुसती मान हलवली आणि त्यानं मनगट सोडलं.

सामान पुन्हा चढवायला सुरुवात झाली. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर मुकादम म्हणाला, "ट्रक दीड तास खोळंबला. आठशे रुपये."

"तुमच्यामुळे खोळंबला," मॅडम म्हणाल्या. मुकादमानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो बाईकडे बघत होता. चौदा जोड्यांसमोर त्याची चूक उघडी पडली होती, आणि हंगामाचे सहा महिने ही जोडी त्याच्या हाताखाली राहायची होती. ते सगळ्यांनाच कळत होतं. मॅडमनी पर्स उघडली. मीही खिशात हात घातला, माझे चोवीसशे त्यात होतेच.

"कुनी देऊ नका," बाई म्हणाली. "तुमी दिले की परत इचारतील, कशाचे दिले म्हनून."

तिनं कंबरेची पिशवी काढली. पाचशेची एक नोट आणि शंभराच्या तीन वेगळ्या केल्या आणि मुकादमाच्या हातावर ठेवल्या. मग नवऱ्याच्या मागोमाग ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढली. सासूनं खालून कोंबडीची दुरडी वर दिली.

मुकादमानं तीनशे ट्रकवाल्याला दिले आणि पाचशेची नोट घडी करून वरच्या खिशात ठेवली.