कार्ब्युरेटरवरचा तळहात

बाबांची जुनी मोटारसायकल भंगारात द्यायला निघालो होतो. जोगेश्वरीत ती सिग्नलला बंद पडली, म्हणून ढकलत समोरच्या गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने प्लग काढला. तो पांढराफटक होता. प्लग परत लावून त्याने गाडी चालू केली आणि कार्ब्युरेटरच्या हवा ओढणाऱ्या उघड्या तोंडावर अर्धा तळहात धरला. फटफट करून बंद पडणारं इंजिन एकदम सरळ चालू लागलं.

"काका, राहू द्या. म्हातारी झालीय ती," मी म्हणालो.

"म्हातारी कसली रे! उपाशी आहे," तो हसला. "पेट्रोल पोचत नाय, म्हणून प्लग पांढरा. नुसती हवा खातेय. हवेवर कुणाचं पोट भरतं का?"

त्याने पेट्रोल सोडणाऱ्या बारीक जेटमधला कचरा फुंकून काढला. मग डोळे मिटून, कान देऊन स्क्रू किंचित किंचित फिरवत राहिला. इतक्या वर्षांत आम्ही घरातल्यांनी तिचं एवढं कधी ऐकलंच नव्हतं. इंजिन एका लयीत धडधडलं, तेव्हाच त्याने डोळे उघडले.

भंगारवाला पुढच्याच गल्लीत होता. मी गाडी घराकडे वळवली. आवाज ऐकून बाबा चपला न घालताच खाली आले.

"सरक मागे," ते म्हणाले. "जुहूला जाऊन येऊ."