ओव्हाळ मॅडमचा तिसरा अटेम्प्ट

राजश्री ओव्हाळ आमच्या आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून आल्या ते साल दोन हजार. वय असेल पंचवीस-सव्वीस. अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले, आवाज मात्र खणखणीत. केंद्र शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अलीकडे. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथंच आहेत. मी तिथली सिस्टर. तोवर सात डॉक्टर आलेले आणि गेलेले बघितले होते. याही वर्षभरात जातील, असं मी धरूनच चालले होते.

त्या दौंडच्या. वडील मल्हारी ओव्हाळ रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रुळांवर खडी ओढण्यात त्यांची हयात गेली. आई लहानपणीच गेलेली. थोरला भाऊ पोपट बारावीनंतर कॉलेज सोडून कुरकुंभला कंपनीत लागला, कारण बहिणीला मेडिकलला नंबर लागला होता आणि घरात एकालाच शिकवणं शक्य होतं. हे मॅडमनीच मला सांगितलं, पहिल्याच महिन्यात.

लोकांना वाटतं, एमबीबीएस झाला की डॉक्टर पुरा झाला. तसं नसतं. पोट उघडून बाळ काढायचं असेल तर पुढे पीजी करावं लागतं, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात तीन वर्षं निवासी डॉक्टर म्हणून राहून शिकावं लागतं. त्या जागा मोजक्या आणि मागणारे हजारो. त्यासाठी वर्षातून एकदा सीईटी. शेकडो प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, त्यातल्या बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. सुरुवातीला मॅडमना त्याची घाई नव्हती. वर्ष-दोन वर्षं नोकरी करू, मग बघू, असं त्यांचं चाललं होतं.

रंभाच्या बाळंतपणाने ते बदललं. रंभा शेजारच्या वस्तीवरची, पहिलटकरीण. सकाळी नऊला आणली तेव्हा बाळ आडवं होतं. मॅडमनी तपासलं आणि लगेच जीप मागवली. पुण्याला नेल्याशिवाय इलाज नव्हता. मी सोबत गेले. चौफुल्याच्या पुढे यवत यायच्या आतच रंभाचा हात माझ्या हातात गार पडला. परत आले तेव्हा मॅडम ओपीडीच्या पायरीवर बसून होत्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "अर्ध्या तासाचं काम होतं सिस्टर. मला पोट उघडता आलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं."

त्या आठवड्यात त्या पुण्याला जाऊन जाडजूड पुस्तकं घेऊन आल्या.

पहिल्या वर्षी नंबर फार खाली गेला. दुसऱ्या वर्षी वर आला, पण बाळंतपणाच्या शाखेपर्यंत पोचला नाही. लॅबमधली एक जागा मिळत होती. पोपट म्हणाला, मिळतंय ते घे. मॅडमनी घेतली नाही. गावात कुणाला काही सांगायची सोय नव्हती, तरी बातमी फुटायचीच. एकदा गावचे आप्पा बीपी तपासायला आले होते. हात पुढे करून सहज म्हणाले, "तुम्हाला कशाला येवढा अभ्यास, मॅडम? तुमचं कोट्यातनं होऊन जाईल की."

मॅडमनी पट्टा गुंडाळता गुंडाळता उत्तर दिलं, "कोट्यातसुद्धा रांग असते, आप्पा. त्या रांगेत मी दोन वर्षं उभी आहे. गोळी रोज घेताय ना?"

आप्पा गेल्यावर मला हसू आवरेना. त्या हसल्या नाहीत.

तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःला अक्षरशः जुंपून घेतलं. पहाटे चारला त्यांच्या क्वार्टरचा दिवा लागलेला असायचा. दुपारी ओपीडी संपली की व्हरांड्यात बसायच्या आणि मला पुस्तक हातात देऊन प्रश्न वाचायला लावायच्या. माझं इंग्रजी नर्सिंगपुरतं. मी अडखळत वाचायची आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर यायचं. नखं कशाकशाने फुगतात, बोटांची टोकं ढोलाच्या काठीसारखी का होतात, असा एक प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा. त्या कारणांची यादी घडाघडा म्हणायच्या. त्यात फुप्फुसाचा कॅन्सर वरच्या नंबरला होता. ती यादी ऐकून ऐकून मलाही पाठ झाली.

शनिवारी दुपारी त्या दौंडला जायच्या. चौफुल्यापर्यंत एसटी, तिथून केडगाव स्टेशन, मग पॅसेंजर. माझं माहेर यवतचं, म्हणून कधी आम्ही बरोबर निघायचो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते. रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी. आतल्या खोलीत मॅडम पुस्तकात. रेडिओ बंद, पोपटच्या लेकरांना शेजारी पाठवलेलं. मल्हारीबाबांनी स्वतः चहा केला, कप आत नेऊन तिच्या हातात दिला आणि पाय न वाजवता बाहेर आले. तिने पुस्तकातून मान वर न काढताच कप घेतला होता.

थोड्या वेळाने ते उठून रस्त्यापलीकडे हापशापाशी गेले. मला वाटलं, पाणी आणायला. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. हापशाला धरून ओणवे होऊन ते खोकत होते. हातातल्या फडक्यावर रक्त होतं.

"बाबा, हे कवापासनं?" मी विचारलं.

"व्हय ग बाई, हाय जरासं. पावसाळ्यापासनं." त्यांनी फडकं मुठीत आवळलं. "तिला सांगू नका. जानेवारीत पेपर हाय तिचा. पेपर झाला की दावतो."

"अहो, तोवर थांबायचं व्हय? तिला न्हाई तर दुसऱ्याला दाखवा."

"दुसऱ्याला दावलं तरी तिच्या कानावर जाणारच की. दोन महिनं तर राह्यलं. माझ्या पायी तिसरं वरीस वाया गेलं तर मला सुख लागंल का?"

मी नर्स आहे. बावीस वर्षांची नोकरी झाली होती तेव्हा. फडक्यावर रक्त दिसल्यावर दोन महिने थांबायचं नसतं, हे मला कळत होतं. तरी मी गप्प बसले. त्यांनी हात जोडले होते म्हणून बसले, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण खरं कारण दुसरंही होतं. मलाही तो पेपर पास झालेला बघायचा होता. इतके महिने मीच प्रश्न वाचत होते.

जानेवारीत पुण्याला परीक्षा झाली. मी सोबत गेले होते. त्या दिवशी सेंटरवरून बाहेर आल्या तेव्हा मॅडमचा चेहरा वेगळाच होता. "या वेळी होणार, सिस्टर," म्हणाल्या. तिथून त्या थेट दौंडला गेल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा हातात पुस्तक नव्हतं. वडिलांनी चहाचा कप पुढे केला आणि मॅडमनी त्यांची बोटं बघितली, टोकाला फुगलेली.

हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही एकदाच. कप तसाच खाली ठेवला, वडिलांचे दोन्ही हात उजेडात धरले, नखांना नखं लावून बघितलं. मग शर्टाची बटणं काढायला लावून छाती तपासली. उजव्या बाजूला श्वासाचा आवाजच येत नव्हता. दुसऱ्या दिवशी छातीचा फोटो काढला, पुण्याच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवलं. छातीत पाणी, गाठ मोठी, ऑपरेशनची वेळ टळून गेलेली. तिथले सर म्हणाले, "चार-पाच महिने आधी आला असतात तर काही करता आलं असतं."

सोमवारी त्या केंद्रात आल्यावर मी हापशाची गोष्ट सांगून टाकली. रडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही एकदा बघितलंत. मी दर रविवारी त्या हातातून चहा घेत होते." मग बाहेर जाऊन पेशंट बोलवायला सांगितलं. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

निकाल लागला. नंबर चांगला होता, हवी ती शाखा मिळण्यासारखा. पण जागा मिळायची ती मुंबईच्या काउन्सेलिंगला. तिथे सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवतात, मेरिटनुसार नाव पुकारतात आणि उरलेल्या जागांच्या तक्त्यावरून समोरासमोर एक निवडायची. पुकारा झाला आणि माणूस हजर नसला तर जागा पुढच्याला. तारीख मार्चमधल्या एका गुरुवारची होती.

मार्च लागेपर्यंत बाबा उठून बसत नव्हते. मी भेटायला गेले तेव्हा मॅडम त्यांना मोसंबीचा रस पाजत होत्या. पोपट ड्यूटीवर होता. बाबांनी कप बाजूला सारला.

"तारीख कवा म्हणलीस?"

"गुरुवारी. मी नाही जाणार, बाबा. पुढच्या वर्षी बघू."

"पुढल्या वर्षी कोण बघतोय?" त्यांना दम लागला. जरा थांबून म्हणाले, "मी असलो काय आन् नसलो काय, तुझं नाव पुकारलं की तू तिथं पायजेस. आईच्यान सांगतो."

बुधवारी सकाळी ते गेले. दुपारी उन्हातच अंत्ययात्रा निघाली. वस्तीतली, रेल्वेतली, यार्डातली माणसं आली होती. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. पोपटने अग्नी दिला. परत आल्यावर दारात बसलेल्या माणसांत ठरलं की राख दुसऱ्या दिवशी सकाळीच सावडायची. मॅडम आतून बाहेर आल्या.

"दादा, राख परवा सावडू. मला उद्या पहाटे मुंबईला जायला लागेल."

पोपट तिच्याकडे बघतच राहिला. "उद्या?"

"उद्या पुकारा आहे."

"बाप अजून निवला न्हाई." तो ओरडला नाही, हळूच बोलला, आणि म्हणूनच सगळ्यांना ऐकू गेलं. "राजे, मी तुझ्यासाठी कालेज सोडलं, त्येचं कवा बोललो का? न्हाई बोललो. पन आज बोलतो. तू डाक्टर. तुझ्या घरातला मानूस सहा महिनं खोकत हुता आन् तुला ऐकू आलं न्हाई. आता त्येची राख सावडायला बी तुला येळ न्हाई."

सगळी माणसं खाली बघत होती. मला वाटलं, आता ती सांगेल. बाबा काय म्हणाले होते ते सांगेल. मी तोंड उघडणार तोच तिने माझा दंड धरला, दुखेल इतका घट्ट. पोपटला म्हणाली, "तुझं खरं आहे," आणि आत जाऊन सर्टिफिकेटांची फाइल लावायला लागली.

पहाटे मी तिच्याबरोबर निघाले. एकटीला कसं सोडणार? मुंबईच्या त्या हॉलमध्ये मुलांबरोबर आईबाप आले होते. कुणी डबे उघडत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. पुढे तक्त्यावर जागा होत्या, एक भरली की पुसली जायची. मॅडमनी कागद चारदा तपासले. आदल्या दिवशीचीच साडी अंगावर होती, पदराला अजून मेणबत्तीचं मेण लागलेलं. दुपारी नाव पुकारलं. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या दोन जागा शिल्लक होत्या. त्यांनी मराठवाड्यातल्या कॉलेजातली घेतली. टेबलामागचे साहेब हसून म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर. घरी पेढे वाटा." त्यांनी मान हलवली आणि सही केली.

आम्ही परत आलो तोवर राख सावडून भीमेत सोडून झाली होती. पाचव्या दिवशी जलदान विधीला त्या मागच्या रांगेत बसल्या. पोपटने त्यांच्याकडे वळून बघितलंही नाही.

पुढची तीन वर्षं त्या मराठवाड्यात होत्या. कधीमधी पत्र यायचं. छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या, एका खाटेवर दोन-दोन बाया, पाय सुजून चप्पल चढेना, असलं काही. पहिल्या वर्षी त्यांच्याबरोबरची एक मुलगी सोडून गेली. मॅडमनी लिहिलं होतं, "सोडून जायचं तर मला जागाच नाही, म्हणून मी टिकले." पहिलं सिझेरियन त्यांनी स्वतःच्या हाताने केलं, ते बाळ आडवंच होतं, हेही एका पत्रात होतं. बाकी त्यावर एक ओळही नव्हती.

दोन हजार सहाला पास झाल्या. दौंडला किंवा शिरूरला येतील, असं मला वाटलं होतं. आल्या नाहीत. तिकडेच एका सरकारी दवाखान्यात लागल्या, अजून तिथेच आहेत. लग्न केलं नाही. पोपटच्या थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांना गेली नाही. लग्नाचं त्यांना माझ्याकडून, फोनवर कळलं.

तेव्हा मी विचारलं, "मॅडम, बाबांनीच जायला सांगितलं होतं, हे तुम्ही दादाला एकदा सांगत का नाही? मी सांगू का?"

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला साक्षीला कशाला उभं करायचं? आणि बाबांनी नसतं सांगितलं, तरी मी गेले असते. मला माहीत आहे ते. दादालाही माहीत आहे."

पलीकडे कुणीतरी त्यांना हाक मारली, टेबलावर पेशंट घेतली आहे म्हणून. "येते," म्हणाल्या आणि फोन ठेवला.