आतोबांचा हातभर नमुना

माझ्या आतोबांनी आयुष्यात एकही गोष्ट आधी थोडीशी करून पाहिल्याशिवाय केलेली नाही. जन्माला येणं तेवढं त्यांच्या हातात नव्हतं. नाहीतर आधी दोन दिवस येऊन, भिवंडीचं हवा-पाणी बघून, मग कायमचं यायचं की नाही ते त्यांनी ठरवलं असतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही सगळे एकाच घरात राहतो; त्या घराला चिकटून त्यांची पत्र्याची शेड आणि शेडमध्ये थोडेसे माग. नवं सूत आलं की सगळ्या मागांवर चढवण्याआधी एकावर हातभर कापड विणायचं, उन्हात धरायचं, ओढून बघायचं, मग पुढचं पुढे, हा तिथला नियम. कापडापुरता तो नियम शहाणपणाचाच होता. आतोबांनी तो सगळ्या सृष्टीला लावला. पुतण्याच्या लग्नासाठी हॉल बघायला गेले, तेव्हा रिकाम्या हॉलमधल्या स्टेजवरच्या लाल खुर्च्यांवर आत्याला घेऊन दुपारभर बसून राहिले, नवरा-नवरीची पाठ दुखते का ते बघायला. हॉलचा मॅनेजर दोनदा येऊन "काका, कुछ चाहिए क्या?" असं विचारून गेला. आत्याच्या ऑपरेशनच्या आधी तिच्या खाटेवर ते स्वतः चादर ओढून झोपले आणि नर्सनं त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं, तेही त्यांनी घेऊ दिलं. "तुज्या आत्याला काय काय सोसावं लागंल ते कळाया नको?" हे वर मलाच.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त यायची, कारण माझे बाबा यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे आणि शाई माझ्या बोटांना लागायची. पुढे मीही लिहू लागले. "लढा तीव्र करा!" या मथळ्याचं माझं पहिलं पत्रक मी मोठ्या अभिमानानं आतोबांना दिलं. त्यांनी ते उन्हात धरलं, कागद ओढून बघितला आणि विचारलं, "आधी थोडा तीव्र करून बघितलास का?" या माणसाशी वर्गसंघर्षही करता येत नाही. माग त्यांचे, त्यामुळे ते मालक. चालवायचेही तेच, त्यामुळे ते कामगार. एकदा संप झाला तेव्हा सकाळी ते संपावर बसले आणि संध्याकाळी वाटाघाटींना दुसऱ्या बाजूनं हजर झाले.

पण त्या पत्रकात एक ओळ होती, ती मी आजही मागे घेणार नाही: या शहरानं देशाला कापड नेसवलं आणि त्यासाठी आपल्या माणसांचे कान दिले. मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्यांना कानाला लावायला साधा कापूससुद्धा कुणी दिला नाही. आतोबांना ही ओळ मान्य नव्हती. "माझे कान ठणठणीत हायत. आताशा लोकच हळू बोलतात." आमच्या घरात मात्र सगळे ओरडून बोलायचे. आत्यानं "मीठ कमी आहे का?" असं विचारलं की शेजारच्या घरातून "बरोबर आहे!" असं उत्तर यायचं.

आणि नियतीचा विनोद असा, की याच घरातली मुलगी, आतोबांची लेक, माझी ताई, बोलण्या-ऐकण्याच्या उपचारांचं शिक्षण घेऊन बसली. ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांना बोलतं करायचं, हे तिचं काम. आता तिला पुढची पदवी घ्यायची होती आणि प्रवेश मिळाला होता दोन ठिकाणी. एक कोर्स ऑनलाइन: घरात बसून संगणकावर शिकायचं, सरावाला अधूनमधून ठाण्याला जायचं. दुसरं कॉलेज दूर दक्षिणेत: दोन वर्षं वसतिगृह, रोज समोर बसलेली मुलं आणि शेजारी उभे शिक्षक. दोन्हीकडे तीन आठवड्यांत कळवायचं होतं. आत्याचं मत घरातल्या कोर्सला. मी "शिक्षण पडद्यावर नको, प्रत्यक्ष हवं!" यावर स्वयंपाकघरात जोरदार भाषण केलं. आत्या म्हणाली, "बरं, ती कोथिंबीर निवड." ताईला जायचं होतं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि म्हाताऱ्या आईबापांना टाकून कसं जायचं, हेही तिथंच खाली लिहिलेलं होतं.

"भांडताय कशाला?" आतोबा म्हणाले. "एक आठवडा आनलाइन, एक आठवडा समोरासमोर. नमुना विणून बगू."

पहिल्या आठवड्यात सगळं घर ऑनलाइन झालं. आतोबा माळ्यावर मोबाइल घेऊन बसले, आत्याचा मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला. आत्यानं चहा केला आणि कप मोबाइलसमोर धरला.

"घ्या. पोचला का?"

"दिसला," आतोबा वरून म्हणाले.

"मग प्या! अवो, निवतोय!"

गल्लीतले एक गृहस्थ मुलाच्या साखरपुड्याचं आमंत्रण घेऊन दारात आले, तर आतोबांनी त्यांना कोपऱ्यावर जाऊन फोन करायला लावला. ते बिचारे गेले आणि त्यांनी फोनही केला.

दुसऱ्या आठवड्यात सगळे मोबाइल ट्रंकेत गेले. आतोबा प्रत्येक कामाला स्वतः जाऊ लागले. धाकट्या बहिणीची तब्येत विचारायला रिक्षा आणि एसटी करत पडघ्याला पोचले, तर दाराला कुलूप. भावाचा फोन आठवडाभर का लागत नाही, म्हणून घाबरून ती भिवंडीला आली होती. संध्याकाळी दोघं नाशिक रस्त्यावरून उलटसुलट दिशांनी आपापल्या घरी गेली, तब्येत न विचारताच.

मग आतोबांनी शेवटचा नमुना काढला: उपचाराचाच. पेशंट ते स्वतः. आधी ऑनलाइन. ताई माळ्यावर, आतोबा खाली शेडमध्ये, माग धडधडत चालू. ताईनं मोबाइलच्या पडद्यावरून प्रश्न विचारले, आतोबांनी एकूण एक उत्तर बरोबर दिलं. "बगा! पैकीच्या पैकी. घरातच शीक, पोरी." आत्यानं देवापुढे साखर ठेवली. मी चिडून आतोबांचा मोबाइल उचलला आणि बघते तर त्याचा आवाज पूर्ण बंद. मी तो ताईला नेऊन दाखवला. मागांच्या शेडमध्ये कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठ बघून बोलतात. आतोबांनी जन्मभर तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, माग थांबले, गल्लीभर शांतता झाली. ताई आतोबांना समोर बसवून म्हणाली, "आता समोरासमोर." पहिली सगळी उत्तरं बरोबर आली. मग ती उठली, त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि त्याच आवाजात म्हणाली, "बाबा, तुमचं नाव काय?"

आतोबा गुडघ्यांवर हात ठेवून रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

"बाबा, आज काय जेवलात?"

आतोबांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "पुढचा प्रश्न अवघड काढतेय वाटतं."

ताई एक पाऊल जवळ आली. "बाबा, मी जाऊ का?"

आतोबा पुढच्या प्रश्नाची वाट बघत हसत बसले होते. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी आत्या जागची हलली नाही.

ताईनं समोर येऊन त्यांना सांगितलं, की मागून तीन प्रश्न विचारून झाले. त्यांनी मान वळवून पाठीमागची जागा बघितली. मग म्हणाले, "परत मागं जा. नमुना नीट बगू दे." ती गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी त्यांनी विचारलं, "आनलाइनमधी असं मागं जाता येतं?"

ताईनं मान हलवली. नाही.

"मंग जिथं मागं उभं राहून शिकवतात तिथं जा. न्हाय तर लोक तुला फसवतील. मी न्हाय का फसवलं?"

वसतिगृहात आधी एक दिवस स्वतः राहून बघायचा त्यांचा बेत तिथल्या बाईंनी मोडून काढला. मुलींचं वसतिगृह आहे, हे कारण आतोबांना पुरेसं वाटलं नाही. शेवटी ताई तशीच गेली. दोन वर्षांचा हातभर नमुना विणता येत नाही, आणि आतोबांनी आयुष्यात पहिल्यांदाच न बघता सुताचा अख्खा बीम मागावर चढवला.

जाण्याआधी ताईनं त्यांना कानाचं यंत्र बसवलं. एक आठवडा उजवा कान, एक आठवडा डावा, मग दोन्ही. पहिल्याच दिवशी ते आत्याकडे थक्क होऊन बघत राहिले. "तू एवढं बोलतीस? आन् हे सगळं माझ्याबद्दल?" तेव्हापासून आत्या पुटपुटायची बंद झाली आहे. आमचं घर इतकं हळू बोलतं, की मला माझ्याच घोषणा मोठ्या वाटायला लागल्या आहेत.

दर रविवारी ताईचा व्हिडिओ कॉल येतो. ती आधी कॅमेऱ्याकडे पाठ करते, पडद्यावर नुसती तिची वेणी दिसते, आणि त्या वेणीआडून ती काहीतरी विचारते. आतोबा ताठ बसून बरोबर उत्तर देतात. मागे कसं उभं राहायचं ते पडद्यालाही तिनं शिकवलं आहे. मग ती वळते, गप्पा होतात, आणि शेवटी ती हळूच म्हणते, "बाबा, ठेवू का?"

यंत्र चालू असतं, बॅटरी मी स्वतः घातलेली असते. पण आतोबा कानामागे हात धरून पुढे वाकतात आणि म्हणतात, "काय? ऐकू आलं न्हाय. परत बोल."