जानकीबाईंनी किरायाने दिलेली बाग

आमच्या सासूबाईंच्या मावशी, जानकीबाई, देवासला एकट्या राहत. गोष्ट १९०८ च्या आसपासची. यजमान थोरल्या पातीच्या, म्हणजे देवासच्या थोरल्या राजघराण्याच्या, दफ्तरात कारकून होते. ते गेले, मूलबाळ नव्हतं. धारचे दीर मल्हारराव न्यायला आले, तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या दोन खोल्या बागेसकट किरायाने देते. माझं भागेल."

"दिवाळीपर्यंत किरायेदार टिकला तर राहा. नाही तर घराला कुलूप, आणि तुम्ही धारला."

धारला म्हणजे जावेच्या स्वयंपाकघरात, जन्मभर.

किरायेदार मिळाले. चिंतामणी मास्तर आणि त्यांची बायको सुमंगला. मास्तरांची अट एकच: बाग फक्त आमची. बाईंनी घाईघाईनं हो म्हटलं. तुळशीवृंदावन बागेतच आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओलेत्यानं, हातात तांब्या घेऊन, त्या सवयीनं बागेत शिरल्या. विहिरीच्या काठावर केस मोकळे सोडून बसलेली सुमंगला दचकली आणि डोक्यावर पदर ओढून आत पळाली. मग रोजच असं. बाईंना त्यात वावगं वाटेना. तुळस का कुणी किरायाने देतं?

आठव्या दिवशी मास्तर दाराशी आले. "काकू, आम्ही दुसरीकडे जागा बघतोय."

"का हो? पाणी कमी पडतं?"

"तसं नाही. घरी आईपुढे हिला मोकळं बसायला कधी मिळालं नाही. म्हणून तर बाग मागितली. आता रोज सकाळी..."

"सासू येते. असंच ना?"

मास्तर ओशाळून परत फिरले.

बाईंना रागही आला आणि लाजही वाटली. दुसऱ्या सकाळी त्यांनी बागेच्या दाराची कडी बाहेरून वाजवली.

"सुमंगले, तुळशीचं एक रोप दे गं. ओसरीवर कुंडीत लावते. वृंदावनाला पाणी आता तू घाल."

"अहो, पण तुळस तुमची..."

"बागेत आहे ना? मग तुझी."

दिवाळीला मल्हारराव बैलांची दमणी घेऊन हजर. बाई कडी वाजवून उभ्या होत्या, पूजेला फुलं हवी होती म्हणून.

"वहिनी, स्वतःच्याच बागेबाहेर? लोक हसतील!"

"हसू देत. दिली म्हणजे दिली. आणि किरायेदार टिकलेत, भाऊजी."

रिकामी दमणी धारपर्यंत न्यायचं मल्हाररावांच्या जिवावर आलं. म्हणाले, "निदान टोपलीभर सीताफळं तरी द्या बागेतली."

"ती सुमंगलेला विचारा," बाई म्हणाल्या.